सकाळचं माप

सकाळी दिलेलं बोटाचं माप मी मानत नाही. थंडीच्या दिवसांत तर नाहीच नाही. गारठ्याने बोट आक्रसतं आणि दुपारी जेवणखाण होऊन अंगात ऊब आली की तेच बोट फुगतं. सकाळच्या मापाची अंगठी दुपारी फास होऊन बसते. म्हणून आमच्या दुकानात कुणी सकाळी माप द्यायला आलं की मी आतूनच ओरडते, "दुपारी या म्हणावं!" गिऱ्हाईक वैतागतं, मालक कपाळाला हात लावतो, पण मी बसवलेली अंगठी कधी तक्रार घेऊन परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. दुकानात मला कानस म्हणतात. कानस घासते, खरवडते आणि तिच्यावाचून काम अडतं. मला ते नाव आवडतं.

मी बसते ती खोली दुकानाच्या मागच्या बाजूला आहे. मधल्या भिंतीत हातभर रुंदीची खिडकी. पलीकडे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलतो आणि अलीकडे मी कुणाशी बोलत नाही. मालक दोन चष्मे वापरतो, एक नाकावर, एक कपाळावर. त्यामुळे तो सगळ्यांचा चष्मेकाका.

त्या दिवशी सकाळी एवढी थंडी होती की मी बत्तीच्या ज्योतीवर हात शेकत बसले होते. खिडकीतून चष्मेकाकांचा हात आत आला. तळव्यावर एक रुंद पट्ट्याची अंगठी, वर लाल खडा.

"कानस, जुनं काम आहे. आत कसलीशी पट्टी बसवलीय, ती बाईंना टोचते. काढून टाक आणि बोटाला घट्ट बसव. फिरायला नको म्हणतात."

मी अंगठी उजेडाकडे धरली. खडा नवा होता, वरची नक्षी घासून गुळगुळीत केलेली. बाहेरून मी ती ओळखलीच नसती. पण मी अंगठी आधी आतून बघते. बाहेरचं रूप लोकांसाठी असतं, आतलं बोटासाठी. आत सोन्याची पातळ, कमानदार पट्टी होती. दोन्ही टोकं दोन बारीक खाचांत अडकवलेली आणि मध्ये दाबलं की लवणारी.

ती पट्टी माझ्या बाबांनी बसवली होती.

आईचं अनामिकेचं बोट एकदा दारात सापडलं. सांधा जाड होऊन बसला आणि सांध्याखालचं बोट होतं तसंच बारीक राहिलं. सांध्यावरून जाईल अशी अंगठी केली की खाली गरगर फिरायची, आणि खाली बसेल अशी केली की सांध्यावर अडायची. बाबांनी किती वेळा वितळवून पुन्हा केली. शेवटी ही पट्टी सुचली. सांध्यावरून जाताना ती दबायची आणि खाली गेली की उसळून बोट धरायची. मी तेव्हा त्यांच्या शेजारी बसून काम शिकत होते. आईच्या बोटात अंगठी बसली तेव्हा बाबा म्हणाले, "आता मी गेलो तरी ही हात सोडायची नाही." आई लाजून आत पळाली होती.

बाबा गेले आणि अंगठीने हात सोडला. म्हणजे सोडवण्यात आला.

आईने ती माझ्याकडे साफ करायला दिली होती. मी चकचकीत करून तिच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. संध्याकाळी ती तिथे नव्हती. माझ्या दादाची बायको, माझी वहिनी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी तर शेवटची हिच्याच कामाच्या पाटावर बघितली होती." एवढंच. पुढचं काम आईने केलं. तिने मला घरातल्या सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "हात दाखव. दोन्ही."

मी दोन्ही हात पुढे केले. बोटं कामाच्या काळ्या राखेने माखलेली. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली, माझा कामाचा डगला झटकला, अवजारांची पेटी पालथी केली. काही सापडलं नाही. न सापडणं हाच पुरावा ठरला, कारण विकून आले असणार! दादा खिडकीबाहेर बघत होता. त्या आठवड्यात मी घर सोडलं. बाबांचं दुकान दादाकडे गेलं. त्याला करवत धरता येत नव्हती, म्हणून त्याने बाबांचा पाट काढून टाकला आणि काचेची कपाटं लावून तयार माल विकायला सुरुवात केली. मी एकदा दारापर्यंत गेले होते. आई आतून उठली नाही. तेव्हापासून मी डूख धरून आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मी खिडकीच्या कडेने पलीकडे पाहिलं. काउंटरवर कोपर टेकून वहिनीच उभी होती. अंगाने सुटलेली, केस रंगवलेले. पण बोलताना मान तिरकी करायची लकब तीच. मी याच शहराच्या दुसऱ्या टोकाला काम करते हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. घरात माझं नावच निघत नसेल.

"मुलीचं लग्न ठरलंय. परवा सासरची माणसं जेवायला येणार आहेत," ती चष्मेकाकांना सांगत होती. "माझ्या आईची आठवण आहे हो ही. म्हटलं, घालावी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातात सांडशी होती. ती घेऊन बाहेर जावं, झिंज्या धराव्यात आणि रस्त्यापर्यंत ओढत न्यावं, असं खरंच मनात आलं. मग वाटलं, आणि पुढे? ती म्हणेल, विकत घेतली. म्हणेल, माहेरची आहे. खडा बदललाय, नक्षी घासलीय. मी ओरडेन, ती रडेल, आणि रडणाऱ्याचंच खरं ठरतं. चोर तो चोर, वर शिरजोर. मी सांडशी खाली ठेवली.

चष्मेकाकांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढून तिचं बोट मापलं, अनामिकाच, आणि सवयीने माझ्याकडे बघून म्हणाले, "माप घेतलंय. पण सकाळचं आहे. त्यांना दुपारी बोलावू ना?"

"नको," मी दबक्या आवाजात म्हटलं. "चालेल."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "तू म्हणतेस हे? बरं वाटत नाही का तुला?"

"त्यांना घाई आहे ना? चालेल म्हटलं ना. आणि काका, पट्टी परत द्यायची का विचारा."

त्यांनी विचारलं. वहिनीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "छे, तो कचरा मला कशाला? टाकून द्या, नाहीतर ठेवून घ्या."

घेतली ठेवून.

अंगठी बोटाला बरोबर बसवणं म्हणजे काय, हे मला बाबांनी शिकवलं. ती आत जाताना थोडी कुरकुरली पाहिजे आणि बाहेर येताना त्याहून थोडी जास्त. पण आली पाहिजे. पट्टा रुंद असेल तर माप सैल धरायचं, कारण रुंद पट्टा जास्त बोट आवळतो. आतल्या कडा घासून गोल करायच्या, म्हणजे सांध्यावरून अंगठी सरकते. हे सगळं मी आयुष्यभर केलं आणि त्या दिवशी सगळं उलट केलं. सकाळचं माप जसंच्या तसं धरलं. रुंद पट्ट्यासाठी सूट दिली नाही. अंगठी कापून, तुकडा काढून, टोकं डाग देऊन जोडून ती लहान केली. आतल्या कडा तासल्या आणि ताठ ठेवल्या. बाबांच्या दोन खाचा तेवढ्या तशाच राहू दिल्या. काम करताना मी चक्क गुणगुणत होते. चष्मेकाका दोनदा डोकावून गेले.

मला एकाच गोष्टीची काळजी होती. अंगठी पुढे आईच्या बोटात जायला हवी होती. माझा सगळा बेत त्यावर उभा होता. चारचौघांत अंगठी अडकायची, काढायला मला बोलवायचं आणि मी पट्टी परत बसवून ती आईच्या मोडक्या बोटात सरकवायची. हातच्या काकणाला आरसा कशाला? आईचा सांधा मला पाठ होता. मी त्याचा हिशेब धरला. जेमतेम गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तशाच गारठ्यात, वहिनी अंगठी न्यायला आली. तिने ती बोटात सरकवली, हात लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "अगदी मापात! तुमचा कारागीर कोण आहे हो? हात चांगला आहे त्याचा."

"हात चांगला आहे," चष्मेकाका म्हणाले, "तोंडाचं विचारू नका."

त्याच्या पुढच्या दिवशी, जेवणाची वेळ टळल्यावर, दुकानातला फोन वाजला. चष्मेकाका ऐकताऐकता पांढरे पडले. "बोट सुजलंय, निळं पडतंय म्हणतात. साबण लावला, तेल लावलं, हलत नाही. त्यांचं स्वतःचं दुकान आहे, पण तिथे कापणारं कुणी नाही म्हणे." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "कानस, तू काय केलंस?"

"सकाळचं माप घेतलं," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. ती भरलेलीच होती.

दार उघडंच होतं. मोठ्या टेबलाभोवती माणसं अर्धवट उठलेली, ताटांत अन्न तसंच. वहिनी मधोमध खुर्चीत, हात वर धरलेला. सकाळपासून चुलीपाशी उभी, वर आठ पाहुण्यांचं रांधलेलं आणि चाखलेलं. बोट वांग्यासारखं झालं होतं. शेजारी दादा, टक्कल पडलेला. लग्न ठरलेली भाची ओल्या फडक्याने आपल्या आईचं बोट पुसत होती. मी घर सोडलं तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून मणी ओवायची. टेबलाच्या टोकाला, सगळ्यांपासून जरा बाजूला, माझी आई. ती केवढीशी झाली होती.

"तू?" वहिनी म्हणाली.

"दुकानातून आले आहे," मी म्हटलं. "अंगठी काढायला."

"हिला कुणी बोलावलं?" तिने दादाकडे पाहिलं. दादाने नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाहिलं.

"मी जाऊ का मग?" मी विचारलं. "जाते. पण बोट संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही."

भाचीच्या होणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. ठसठशीत बाई. "अहो, जाता कसल्या? काढा आधी. काय ते मागाहून बोला."

मी खुर्ची ओढून वहिनीसमोर बसले आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. कापायचं अवजार पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, मुद्दाम, तिला दिसेल असं.

"काप ना लवकर!"

"कापते. पण जुनी वस्तू कापायच्या आधी आम्ही विचारतो. ज्याची असेल त्याचा होकार लागतो. अंगठी कुणाची?"

"माझी! माझ्या आईची! माहेरची आहे," ती कळवळून म्हणाली. "विचारा यांना!"

दादाची नजर खिडकीबाहेरच होती.

"तुमच्या आईचं बोट मोडलेलं होतं का हो, वहिनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मी ते समोर बसून पाहिलं. तिने हात ओढायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. मला इतकं बरं वाटत होतं की सांगायची सोय नाही.

मी अंगठी कापली नाही. बाबांचं काम मी कशाला कापू? दोरा काढला, एक टोक अंगठीखालून सरकवलं आणि उरलेला दोरा सांध्यापर्यंत बोटावर गच्च गुंडाळला, वेढ्याला वेढा लावून. ती ओरडली. तेल सोडलं. मग खालचं टोक धरून दोरा उलटा उलगडत गेले. एकेक वेढा सुटतो तशी अंगठी एकेक पाऊल पुढे येते. हे भराभर करता येतं. मी सावकाश केलं.

अंगठी निघाली. मी ती पुसली, पिशवीतून पट्टी काढली आणि अंगठ्याने दाबून दोन्ही खाचांत बसवली. टक् असा आवाज आला. मी उठून टेबलाच्या टोकाला गेले.

"आई, बोट."

तिने हात दिला. मी अंगठी अनामिकेत सरकवली आणि ती सांध्यावर अडली.

मी फिरवून पाहिली. दाबून पाहिली. आईने ओठ घट्ट मिटले, पण अंगठी जाईना. सांधा सुजून अक्रोडाएवढा झाला होता आणि त्याच्या खालीवर नुसती कातडी राहिली होती. सकाळचं माप न मानणारी मी, किती वर्षांपूर्वीचं माप धरून बसले होते! त्या बोटाला मी तेव्हापासून हातच लावला नव्हता.

मागे वहिनी हसली. "बघा. बघा सगळ्यांनी. जात नाही बोटात. आमच्यावर जळते ती, पहिल्यापासून!"

आईने अंगठी माझ्या हातातून काढून घेतली. तिला आता जवळचं नीट दिसत नसावं. तिने ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. करंगळी आत घातली आणि पट्टी दाबली. सोडली. पुन्हा दाबली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"ही यांनी माझ्यासाठी केली होती," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या अंगठीत हे नव्हतं." मग तिने मान वळवली. "सूनबाई, माझी अंगठी तुझ्याकडे कशी?"

वहिनीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी दादा बोलला. खिडकीकडे बघतच, त्रासून, जणू भाजीत मीठ जास्त पडलंय अशा सुरात. "तरी सांगत होतो तुला, घालू नकोस म्हणून."

त्यालाही कळलं असावं आपण काय बोललो ते, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने खिडकी सोडून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्याला माहीत होतं. मी हात पुढे करून उभी होते तेव्हाही माहीत होतं. मी वहिनीवर डूख धरून बसले आणि माझा सख्खा भाऊ त्यातून फुकटात सुटला होता.

सासूबाईंनी नवऱ्याला खूण केली. "आम्ही निघतो," त्या म्हणाल्या. "लग्नाचं काय ते कळवू." माणसं चपला शोधू लागली. भाचीने माझ्याकडे पाहिलं, हातात ते ओलं फडकं तसंच. तिचं काय चुकलं होतं?

आई माझं मनगट धरून म्हणाली, "बस गं. दोन घास खाऊन जा. मी चुकले. मी फार चुकले."

हे शब्द मला हवे होते. मी त्यांच्यासाठी जगत होते म्हटलं तरी चालेल. आणि आता ते आले तेव्हा पुरेनात. तिने मला विचारलंच नव्हतं. एकदाही विचारलं नव्हतं, तू घेतलीस का? सरळ हात बघितले. वहिनीने चोरी केली, दादाने लपवली. पण चोर मला आईने केलं.

मी मनगट सोडवून घेतलं, तिच्या हातातली अंगठी घेतली आणि पिशवीत ठेवली.

"अंगठी बोटात बसत नाही तोवर काम पुरं होत नाही," मी म्हटलं. "माप लागेल. माप घ्यायला मी कुणाच्या घरी जात नाही. दुकानात यायचं. दुपारी."

चष्मेकाकांनी माझी बिनपाण्याने केली. दुकानाचं नाव बुडवलंस म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ दोन्ही चष्मे पुसत बसले. "सोनारानेच कान टोचावे म्हणतात," शेवटी म्हणाले. "तू तर बोटच धरलंस, बाई." मग त्यांनी विचारलं, "येईल का ती?"

"मला काय करायचंय?" मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराच्या घंटीकडे कान लावून बसले.

ती दुपारी आली. एकटी, काठी टेकत, दोन वाहनं बदलून आली असणार. चष्मेकाका हळूच म्हणाले, "कानस, म्हातारी आलीय. खुर्ची देऊ?"

"नको. गिऱ्हाईक उभंच असतं."

मी हातातलं काम पुरं केलं. ते घाईचं नव्हतं. पाट पुसला, कानशी ओळीने लावल्या, पुन्हा लावल्या. पलीकडे काठी एकदा या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. तिने मला हाक मारली नाही. वाट बघत उभी राहिली. मग मी मापाच्या कड्यांचा जुडगा उचलला आणि खिडकीचं दार उघडलं.

तिने काठी भिंतीला टेकवली आणि उजवा हात खिडकीतून आत घातला. तो माझ्या पाटावरच्या दिव्याखाली आला. सांधे सुजलेले, नखांना चिरा पडलेल्या.

मी त्याला हात लावला नाही.

"दोन्ही," मी म्हटलं. "दोन्ही हात दाखव."

मग दुसरा हात आला. तिने दोन्ही तळवे वर केले आणि तसेच धरून ठेवले. माझं बघून होईपर्यंत.